वडाचा ओला भुसा

करवतीला हळदीकुंकू वाहिलं की झाड तोडल्याचं पाप धुतलं जातं का?

परवा भूमच्या बाजारात ओल्या भुशाचा वास आला आणि लहानपणीचं परसदार आठवलं. चुलत्यानं जीपच्या दोन चाकांवर पट्ट्याची करवत चढवून घरीच आरा मशीन बनवली होती. पहिलाच ओंडका गायरानातल्या वडाचा होता. वटपौर्णिमेचे दोरे अजून त्याच्याभोवती होते.

"अवो, आता आमी बायांनी फेऱ्या कुठं घालायच्या?" चुलतीनं विचारलं.

"सात जन्म कशाला? मला हाच लई झालाय!" चुलता म्हणाला.

सगळे हसले. पात्यातून पांढरा चीक आणि दोऱ्यांच्या चिंध्या उडाल्या. तेव्हा मला मशीनचंच कौतुक वाटलं. आज त्या हसण्याची शिसारी येते.

तुमच्या गावात अशी मशीन सुरू होईल, तेव्हा नारळ फोडण्याआधी एवढंच विचारा: सगळ्यांचं झाड कुणाला विचारून तोडलं?