निघाले आत आली

किस्से काही मुद्दाम साठवावे लागत नाहीत. नोकरी बदला, घर बदला, ते आपले मागोमाग येतातच! आमचे तर बहुतेक एकाच सायबर कॅफेतले.

गाझियाबादला तेव्हा नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. शिरीष, मुक्ता आणि मी एकाच ऑफिसात. तिघांनाही तिथून सुटायचं होतं; कुठे जायचं ते मात्र ठाऊक नव्हतं. शनिवारी कॅफेत जायचं आणि मराठी चॅटरूममध्ये शिरायचं. खरं नाव द्यायचं नाही, गाण्याच्या ओळीतून उचलायचं, हा आमचा नियम.

•

शिरीषनं ‘वारा’ घेतलं. टायपिंग इंग्रजी अक्षरांत, म्हणजे ‘vara’. नागपूरच्या एका बाईंनी ते ‘वर’ असं वाचलं आणि लगेच विचारलं, “मुलीची पत्रिका कुठे पाठवू?”

•

घाबरून तो ‘आर्त’ झाला. जन्म दिल्लीतला, त्याला वाटलं, आर्ट्सचंच हे मराठी. कुणीतरी काळजीनं विचारलं, “इतके आर्त का?”

“बिल्कुल नाही यार, मी कॉमर्सचा!”

•

मला एकही नाव आठवडाभर पुरत नसे. कॅफेवाले अंकल वैतागायचे, “भैया, पहले नाम तो डिसाइड कर लो!”

‘लाट’ असताना एक मुलगी छान बोलायची. पुढच्या शनिवारी मी ‘पाखरू’ झालो, तर ती म्हणाली, “लाट दिसला का कुठे?”

“कसा होता तो?”

“तुमच्यापेक्षा बरा!”

•

मुक्ताचे वडील, अण्णा, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. सोसायटीच्या गणपतीसाठी त्यांनी एक गाणं रचलं होतं: ‘निघाले मी उन्हापार, सावली घे गं जराशी.’ मुक्ता त्यातली ‘निघाले’ झाली. ती आली की रूममध्ये दंगा, “निघालीस, तर आत कशी आलीस?”

तिला बंगळूरला नोकरी लागली होती. घरी सांगायचा धीर होईना, कारण आई गेल्यापासून घरात ती आणि अण्णा दोघंच. रूममध्ये मात्र तिनं टाकलं, “सोमवारी खरंच निघाले.”

‘सावलीघे’ नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं, “गाडी किती वाजता? डबा देतो.”

मुक्ता ताडकन उठली. कोपऱ्यातल्या केबिनमध्ये अण्णा बसले होते, चष्मा नाकावर, एक बोट कीबोर्डवर.

“अण्णा, तुम्ही?”

त्यांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

“बोलू नकोस. जाऊन बस, आणि तिथूनच लिही.”