दुधातले पाव्हणे

कन्हेरीहून एमआयडीसीतल्या डेअरीत मी रोज दूध घालतो. तिथला दूध तपासणारा जंतूंना पाव्हणं म्हणतो. "आज पाव्हणं लई हायती, कॅन परत न्या," हे तो इतक्या अदबीनं सांगतो, की माझं भांडायचंच राहून जातं. स्वतः मात्र कोराच चहा पितो.

परवा त्याचे वडीलच कॅन घेऊन आले. त्यानं दुधात औषधाचा अंश दाखवणारी पट्टी बुडवून पाहिली.

"तात्या, ह्यात एकबी पाव्हणा टिकायचा न्हाय. गाईला इंजेक्शन दिलंय न्हवं? औषध उतरलंय. परत न्या."

"आरं, ह्याच दुधावर वाढलास तू!"

मग त्यानं नवी पट्टी काढून स्वतःच्या जिभेवर ठेवली. आम्ही सगळे, तात्यासुद्धा, श्वास रोखून निकालाची वाट बघत राहिलो.