ओवाळताना विचारलेला प्रश्न

आमचं घर वेशीला लागून आहे. त्यामुळे गावात कुठलाही उमेदवार आला की ओवाळायचं ताट माझ्या हातात येतं. राजकारणाशी माझा काडीचा संबंध नाही. मी ब्लाउज शिवते. पण हाकेच्या अंतरावर, दिवसभर घरात सापडणारी बाई मीच, म्हणून हा मान माझ्या गळ्यात पडला. त्या विधानसभेला तिघं आले आणि तिघांना मीच ओवाळलं. पक्ष बघून कुणाला कमीजास्त कुंकू लावलं नाही.

पुढारी एरवी एका जागी उभा सापडत नाही. ओवाळताना मात्र दिवा खाली जाईपर्यंत त्याला हलता येत नाही. हे माझ्या शेजारणीनं बरोबर हेरलं होतं. ती आणि तिचा नवरा दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. त्या साली मतदान दिवाळीनंतर होतं, म्हणून मुकादमानं टोळी थांबवून धरली होती. मतदान झालं की ट्रक निघणार होता. तिची मुलगी दहावीत होती. पोरगी हुशार, माझ्या मशीनशेजारी बसून अभ्यास करायची. मी म्हटलं, माझ्याकडे ठेव. शेजारीण नको म्हणाली. वयात आलेली पोर लोकांच्या घरी ठेवायची तिला भीती वाटत होती. शाळेतलं हंगामी वसतिगृह सुरू झालं, तिथं सांभाळायला बाई असली, तरच ती पोरीला मागे ठेवणार होती. पण ते वसतिगृह दरवर्षी टोळ्या गेल्यावरच उघडायचं.

ती मला म्हणाली, "ताई, टोळी निघायच्या आदी चालू करता का, एवढंच इचारा. पोरगी ठिवून जाते मी."

मी विचारलं. पहिल्यानं कोकणातून समुद्राला जाणारं पाणी मराठवाड्यात वळवून दाखवलं. पाणी आलं की ऊस तोडायला जावंच लागणार नाही, मग वसतिगृह कशाला, असं त्याचं म्हणणं. दुसरा म्हणाला, ऊसतोड कामगारांच्या मुलांबाबत आमची भूमिका स्पष्ट आहे. असेलही. ती काय, तेवढं सांगायचं राहिलं. तिसऱ्याच्या वेळी मी हट्टालाच पेटले. उत्तर येईपर्यंत दिवा फिरवतच राहिले. मागची माणसं हसायला लागली. तोही हसला आणि म्हणाला, "आचारसंहिता हाय वहिनी, जाहीर बोलता येत न्हाई. पण टोळी जायच्या आत चालू व्हईल. माझा शब्द हाय."

शेजारीण माझ्या मागेच उभी होती. त्या दिवशी तिनं पोरीचे कपडे गाठोड्यातून परत काढून ठेवले. मलाही खूप बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

मतदानाच्या दिवशी वसतिगृहाच्या खोलीत मतदान केंद्र होतं. आम्ही दोघींनी तिथंच रांगेत उभं राहून मत दिलं. दोघींनी कुणाला दिलं हे सांगायला नकोच. बाहेर शाळेच्या भिंतीला लागून ट्रक उभा होता. भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं सगळं चढलं. दुपार कलली तेव्हा पोरीनं माझ्याकडून आपली पुस्तकं नेली आणि ती वर चढली. शेजारणीनं शाईचं बोट पदराला पुसलं. मी घरी आले आणि अर्धा राहिलेला ब्लाउज पुरा केला.

तिसरा उमेदवार निवडून आला. थंडी ओसरायला लागली तेव्हा आभाराच्या दौऱ्यावर आला. पुन्हा वेस, पुन्हा ताट. मला बघताच त्याच्या सगळं ध्यानात आलं. हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनी, वसतिगृह चालू झालं बरं का. आमी शब्द पाळला." टाळ्या वाजल्या. खोटं नव्हतं ते. वसतिगृह गेल्याच आठवड्यात उघडलं होतं. त्यात ज्यांचे आजी-आजोबा गावात होते अशी थोडी लेकरं होती.

त्याच आठवड्यात उसाच्या फडावरून शेजारणीचा फोन आला होता. पोरीसाठी त्यांच्याच टोळीतला एक मुलगा बघितला होता. मुकादम एकट्या गड्याला घेत नाही, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. पुढच्या हंगामाला मुलाला जोडी हवी होती. परीक्षेचं काय, असं मी विचारलं आणि फोन बंद झाला. रेंज गेली असेल किंवा तिनं ठेवला असेल.

मला राग यायला हवा होता. आला नाही. ताटाचा हात नेहमीसारखा फिरत होता. तो म्हणाला, "तुमी जिच्यासाठी भांडला ती पोरगी बसली का मग वसतिगृहात?"

मी म्हटलं, "तिचं लगीन ठरलंय."

"अरे वा," तो म्हणाला. "पत्रिका धाडा. आपण येणार."

मागच्या माणसाला त्यानं खूण केली, त्यानं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. पोरीचं वय कुणी विचारलं नाही. मी दिवा खाली घेतला आणि ते पुढच्या गावाला गेले.