या मंग घरी

साडी विकायला बसून गिऱ्हाइकाला ‘साडी घेऊ नका’ असं पोटतिडकीने सांगणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नशिबी दीर म्हणून आला. आंधळगावात आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी. पलीकडे भाऊजी, माझी धाकटी जाऊ आणि त्यांचा हातमाग, अलीकडे मी. भाऊजी कोशाच्या रेशमाची करवतकाठी साडी विणतात, म्हणजे काठाला करवतीसारखे दाते असलेली. एकदा हातात घेतली की खाली ठेवावीशी वाटत नाही. पण कोणी बाई घ्यायला आली की हे तिच्याकडे निरखून पाहणार आणि म्हणणार, “ताई, हा रंग तुमाले खुलत नाही. राहू द्या.” वर तिला चहा पाजणार. जाऊ आतून कपाळाला हात लावणार.

गल्लीतले बाकीचे माग एकेक करून बंद पडले. साड्या उचलून नेणारा व्यापारी यायचा थांबला. शेवटचा माग राहिला तो भाऊजींचा. त्यांनी एक दिवस सांगून टाकलं, “दिवाळीपर्यंत साड्या नाही गेल्या तं माग मोडीत काढतो आन् नागपूरले कोनाच्या फाटकावर चौकीदार म्हनून बसतो.” जावेने डोळ्याला पदर लावला, आणि त्या पदरापायी घरात साड्या दाखवायला मोठा मोबाइल आला.

भाऊजींचा पहिला व्हिडिओ मी विसरणार नाही. दोन्ही हात जोडून उभे, निवडणुकीला उभे असल्यासारखे. मागे दोरीवर साडी, तीही निम्मी त्यांच्या पोटाआड. साडीबद्दल एक शब्द नाही. तलावात पाणी किती, धान कसं आहे, हे सगळं सांगून झाल्यावर, दारावरून जाणाऱ्याला म्हणावं तसं म्हणाले, “या मंग घरी. जेवूनच जा.” लोकांना हे इतकं आवडलं की काय सांगू! तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. कोणी खाली लिहिलं, ‘प्राइस?’ भाऊजींनी लिहिलं, ‘ताई, आधी सांगा, माहेर कोनतं?’ नुसता अंगठा पाठवणाऱ्यालाही ‘आभार, जेवले काय?’ असं उत्तर. मोबाइल टिंग वाजला की यांना वाटे दाराची कडी वाजली.

आता करवतकाठ विणायला, दोन्ही बाजूंनी धाग्याचे धोटे फेकायला, दोन माणसं लागतात. एकट्या माणसाकडून काठाचे दाते निघत नाहीत. जाऊ मागावर एकटीच ताटकळायची. “अवो, धोटा फेकता का अंगठेच पाहून राहिले?”

“पाहुने आले दारी. त्याईले तसंच उभं ठेवू काय?”

आणि मग ते पाहुणे खरेच आले. आमच्याकडे ‘जेवूनच जा’ ही म्हणायची रीत आहे. ऐकणाऱ्याने ‘हो हो, येतो’ म्हणून पुढे जायचं असतं. मोबाइलमधल्या लोकांना हे कोण सांगणार? गाड्या करून आले, बापा! पानं वाढता वाढता जाऊ मेटाकुटीला आली. शेवटी तिने रोज भात टाकताना एक मूठ जास्त टाकायची सवयच लावून घेतली. पण साड्या गेल्या, दिवाळी गेली, आणि माग जागेवर राहिला.

मग कोण्या चोराने भाऊजींचा व्हिडिओ उचलला, खाली आपला नंबर टाकला आणि यंत्रमागावरच्या साड्या कोशाच्या म्हणून खपवल्या. माल त्याचा, चेहरा भाऊजींचा. शिव्याही अर्थात भाऊजींनाच. ‘म्हातारा लुटारू आहे’ असं कोणीही यावं आणि लिहून जावं. मागणी थांबली. पुन्हा माग मोडीत काढायच्या गोष्टी सुरू झाल्या. पण प्रत्येक शिवीखाली भाऊजींचं उत्तर तेच: ‘ताई, साडी घेऊन या घरी. जेवूनच जा.’

एक बाई आली. लाखांदूरहून, एसटीने, पिशवीत लेकीच्या लग्नाची साडी आणि डोळ्यांत अंगार.

“कुठं हाय तो साडीवाला?”

“मीच, ताई. हातपाय धुवा, पान वाढलं हाय.”

“मी जेवाले नाही आली, भांडाले आली!”

“मंग उपाशी कायले भांडता?”

बाई गोंधळून पाटावर बसली. जेवण झाल्यावर भाऊजी तिला मागाजवळ घेऊन गेले आणि नवराबायको दोघं विणायला बसली. धोटे इकडून तिकडे गेले, काठाला एक दाता उमटला. बाईने आपल्या साडीचा काठ उलटवला. आत कापलेल्या धाग्यांचे झुबके लोंबत होते. मागावरच्या काठाची उलट बाजू कोणती नि सुलट कोणती, कळेना. तिचा आवाजच उतरला. “चुकलं, दादा. भलत्यालेच बोलली मी.”

मी दारातून कुजबुजले, “भाऊजी, काढा ना मोबाइल! बाईंना हेच बोलू द्या. साऱ्या जगाला कळेल.”

भाऊजी माझ्यावरच डोळे वटारून म्हणाले, “वैनी, आपल्या घरी जेवलेल्या मानसाची साक्ष काढाची काय?”

मोबाइल फळीवर पडून राहिला. माग वाचवायची संधी या माणसाने वरणभाताच्या मानापायी घालवली, असं मी दोन दिवस जावेला ऐकवत होते. मग त्या बाईनेच निघताना आपल्या मोबाइलवर काढलेले दोन्ही काठांचे फोटो शेजारी शेजारी टाकले आणि लिहिलं, ‘मीही शिव्या दिल्या होत्या. याईच्या घरी जेवून आली.’ शिव्या ओसरल्या. तिच्या लेकीची साडीही भाऊजींनीच विणली, अर्थात पोरीला समोर बसवून, रंग खुलतो की नाही हे पाहून मगच.

आता मागणी बेताची येते, माग पुरवेल तेवढी. पण पाहुणे येईनासे झाले. सगळे मोबाइलवरच पाहतात, तिथूनच मागवतात, आणि खाली लिहितात, ‘नक्की येऊ काका.’ गल्लीतली माग सोडून गेलेली पोरंही लिहितात. भाऊजी ते खरं धरतात. दुपारची एसटी यायच्या वेळी पलीकडचा खटखटाट थांबतो, मला भिंतीतून कळतं. मग जावेचा आवाज येतो, “आलं काय कोनी?”

“नाही. उद्या येतीन.”

आणि माग पुन्हा सुरू होतो. तो मूठभर जास्तीचा भात संध्याकाळी माझ्याकडे येतो, फोडणी देऊन.