धक्का स्टेशनवर लागते

अशिलाचं पहिलं बोलणं वकीलमावशीने कधीच खरं मानलं नाही. कुरुदच्या तिच्या घरात माणूस खुर्चीवर टेकायच्या आत ती म्हणायची, "खोटं सांगून घे लवकर, मंग खरं सांग. मले कोर्टात जाचं हाय." खोटं ती मन लावून ऐकायची, मध्येमध्ये दादही द्यायची. मग चहा ठेवायची.

माझं खोटं चहाच्या आधीच संपलं. स्टील प्लांटच्या सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये मी आणि दादा-वहिनी एकत्र राहायचो. कूलरचं तोंड कुणाच्या खोलीकडे, यावरून एप्रिलच्या उन्हात आमची जुंपली. धक्का लागला आणि दादाचा ओठ फुटला, असं मी सांगितलं. मावशीने चष्म्यावरून पाहिलं. "धक्का पावर हाउसच्या स्टेशनवर गर्दीत लागते, बाबू. घरात मारतेत." थापड मारली होती, तीही सणसणीत. चाळिशीचा घोडा मी, पण मान वर होईना.

दादाने ठाण्यात रिपोर्ट दिली होतीच. जमानत मिळाली ती एका अटीवर: क्वार्टरकडे फिरकायचं नाही. मावशीने ती अट माझ्याकडून पाढ्यासारखी तीनदा म्हणवून घेतली. मी मित्राच्या खोलीवर राहायला गेलो आणि अगदी शहाण्यासारखा वागलो.

मग आली बुद्धपौर्णिमा. विहारात खीर ढवळायचं काम माझं, आणि पहिला डबा दादाकडे पोचवायचंही काम वर्षानुवर्षं माझंच. डबा भरला, स्कूटरला अडकवला, आणि गाडी आपसूक सेक्टर ६ ला गेली. वहिनीने दार उघडलं, मी जय भीम केला, आतून दादाने पोलिसांना फोन लावला. खीर मात्र ठेवून घेतली, बरं का.

झालं! जमानत रद्द करायचा अर्ज लागला. आत गेलो असतो तर प्लांटची नोकरीही हातची गेली असती. रात्रभर डोकं चालवून मी मावशीला तोड सुचवली: डबा दुसऱ्याच कुणी नेला म्हणू. ती इतकी हसली की बशीतला चहा साडीवर सांडला. "खीर द्याले गेलतो, हेच सांग. एवढं येडपट खोटं कोनी बनवत नाही. अन् चुकलो म्हन."

दुर्गच्या कोर्टात मी तसंच सांगितलं. जजसाहेबांनी दादाला विचारलं, खीर खाल्ली का? दादा जमिनीकडे बघत म्हणाला, दोन वाट्या. सगळे हसले. साहेबांनी हसू गिळून मला शेवटची ताकीद दिली आणि जमानत वाचली.

बाहेर मी पाया पडायला वाकलो, तर मावशी मागे सरकली. मले काहून पाया पडतं, पुढच्या तारखेले दादाची माफी माग, म्हणाली. मागितली. भर कोर्टात म्हणालो, "धक्का नव्हता दादा, मारलं तुले." पुढे दादाने तडजोडीवर सही केली. कूलर आता मधल्या दारात असतो, कुणालाच धड वारा लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. कुरुदला पाय ठेवायला जागा नव्हती. मी खांदा द्यायला पुढे झालो, तर बरगडीत कुणाचं तरी कोपर बसलं. वळून पाहिलं तर दादा, डोळे लाल.

"धक्का लागला रे."

"मारलं म्हन," मी म्हणालो.

तिला खांद्यावर घेऊन आम्ही दोघं भाऊ रडता रडता असे हसत सुटलो, की पुढच्या माणसाने मागे वळून डोळे वटारले.