म्हाताऱ्या तारकागुच्छातले निळे तारे

“हे निळे ठिपके खोड. नाहीतर उद्या व्हायव्हात मी पास करणार नाही,” बाहेरून आलेले परीक्षक माझ्या विद्यार्थिनीला म्हणाले आणि चहाला निघून गेले.

कर्जतच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. सुवर्णा जामखेडकडची, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. आई-वडील ऊसतोडीला जातात. वडिलांनी बजावून ठेवलं होतं, नापास झालीस तर लग्न करायचं आणि पुढच्या सीझनला नवऱ्याबरोबर कोयता धरायचा. त्यामुळे मला परीक्षकांचा रागच आला.

तिचा प्रोजेक्ट तारकागुच्छांच्या वयावर होता. गुच्छातले तारे साधारण एकाच वेळी जन्मतात. मोठे, तापलेले, निळे तारे इंधन भराभर उडवून लवकर संपतात. लहान, तांबूस तारे रेटत राहतात. कुठले उरलेत त्यावरून गुच्छाचं वय काढतात. तिचा गुच्छ म्हातारा, तरी आलेखावर मूठभर निळे तारे दिसत होते. परीक्षकांच्या मते ते गुच्छातले नव्हेतच, नजरेच्या रेषेत मध्येच आड आलेले उपरे.

“खोडायचे का गं?” मी विचारलं.

“न्हाई मॅडम. आदी बगू कुनाचे हायेत ते.”

गुच्छातले तारे एका दिशेने, एका वेगाने सरकतात. उपग्रहाने मोजलेले ते वेग इंटरनेटवर मिळतात. लॅबचं नेट नेहमीप्रमाणे मेलेलं. माझ्या मोबाईलवरून डेटा उतरवला. त्यात लाइट गेली, म्हणून इन्व्हर्टरसाठी स्टाफरूममध्ये ठाण मांडलं.

“मॅडम, ठिपक्यांसाठी पोरीचं वर्ष पणाला लावताय?” प्राचार्य म्हणाले.

“हो सर.”

दोन तारे खरंच उपरे निघाले. तिने ते स्वतः खोडले. बाकीचे गुच्छाबरोबरच चालले होते.

व्हायव्हात परीक्षकांनी विचारलं, “हे गुच्छातलेच कशावरून?”

“सर, टोळीत कोन हाय ते तोंडावरून न्हाई कळत. कुनासंगं चाललंय ते बगायचं.”

“मग म्हातारे असून निळे कसे?”

“जोडीतल्या दुसऱ्या ताऱ्याचा वायू ओढून घेत्यात, सर. वजन वाढतं, जास्त तापत्यात. वय तेच.”

त्यांनी वेगांचे आकडे पुन्हा तपासले. मग सही केली.

सुवर्णाने व्हरांड्यातूनच फोन लावला. “आये, पास झाले. तात्यांना सांग, मी कोयता धरनार न्हाई.” मला भरून आलं. ते दिसू नये म्हणून तिला चहा सांगायला पिटाळलं.

आलेखात न बसणारा ठिपका खोडण्याआधी तो कुणाबरोबर चाललाय ते बघावं. दोन खोडावे लागले, हेही खरं.