मोर? कसला मोर?

वनखात्याच्या ऑफिसात फायली वाळवी खाते, किस्से मात्र वाढतच जातात! मी आटपाडी तालुक्यात वनरक्षक म्हणून आलो तेव्हा मोर फक्त कॅलेंडरवर दिसायचा. आता माळ मोरांनी भरलाय, आणि माझे सगळे चांगले किस्से त्यांच्याच पायी घडलेत.

सुरुवात बिरूतात्यांनी केली. तात्या मूळचे मेंढपाळ, आता बाजरीही करतात. "मोरांनी पीक खाल्लं, बंदोबस्त करा," असा अर्ज त्यांनी ठोकला. तो वर गेला आणि वरून पत्र आलं: काही मोर मारून संख्या कमी करावी काय? ग्रामस्थांच्या हरकती मागवा!

वाचून दाखवलं तर तात्या ताडकन उठले. "आवं, मी बंदोबस्त म्हणालो, मुडदा न्हाई!"

*

मोजणीला गेलो. परवापर्यंत मोरांच्या नावानं बोटं मोडणारं गाव एका सुरात म्हणालं, "मोर? कसला मोर?" नेमका तेव्हाच सरपंचबाईंच्या पत्र्यावर एक मोर केकाटला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "ती कोंबडी हाय. जरा नटायची हौस हाय तिला!"

*

हरकतीच्या फॉर्मवर हौसाक्कांनी अंगठा उठवला, पण 'कारण' हा रकाना रिकामाच. म्हटलं, "आक्का, कारण सांगा की."

"मारायला कारण लागतं रं. न मारायला कशाला?"

मी तेच लिहून घेतलं. मला तर मनापासून पटलं.

*

सुनावणीला जिल्ह्याचे साहेब आले. "कुणाचं नुकसान झालंय? हात वर करा." एकही हात नाही! साहेबांनी अर्ज फडकावला. "तात्या, सही तुमचीच ना?"

"व्हय, माझीच. पर तवा मी रागात हुतो. रागात मी बायकूला बी माहेरी धाडतो!"

मागून काकू ओरडल्या, "आन् दुसऱ्या दिशी न्यायला बी येत्यात!"

सगळे हसले, साहेबसुद्धा. पण म्हणाले, "शेत बघितल्याशिवाय निर्णय नाही." नुकसान खरंच झालं होतं, आणि पंचनामा मलाच लिहायचा होता.

*

शेतात बाजरी कापून झाली होती. मोकळ्या रानात मधोमध बाजेएवढा तुकडा मात्र तसाच उभा, कणसं टोचून साफ केलेली. साहेब कडाडले, "हे नुकसान नाही तर काय? आणि एवढंच का ठेवलंय?"

तात्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि बाजरीची दोन ताटं हळूच बाजूला केली. बुडाशी अंड्यांवर लांडोर बसली होती.

"हळू बोला, साहेब. आत बाळंतीण हाय!"

साहेब चवड्यांवर मागे सरकले. ड्रायव्हर जीपची किल्ली फिरवणार, तोच त्यांनी त्याचा हात धरला. रस्त्यापर्यंत जीप ढकलत नेली आम्ही. एका बाजूला मी, एका बाजूला तात्या, आणि मधे साहेब!